तालुक्याचा अनुशेष कसा काढायचा?

राज्यातला प्रादेशिक असमतोल तपासायला 1983 मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे विकासातली तूट, जिल्हावार मोजला: राज्याची सरासरी वजा जिल्ह्याची पातळी. रीत आजही उपयोगी आहे, पण एकक तालुका घ्या. नंदुरबारच्या सरासरीत शहाद्याच्या सपाटीआड धडगावचे डोंगर दडतात.

निर्देशक सात-आठच निवडा: सिंचन, रस्ते, नळपाणी, आरोग्य केंद्रे, शाळागळती वगैरे. प्रत्येकाचा 0 ते 1 निर्देशांक काढा: (तालुक्याचे मूल्य − किमान) ÷ (कमाल − किमान); किमान आणि कमाल सर्व तालुक्यांतले. गळतीसारखा उलटा निर्देशक असेल तर उत्तर 1 मधून वजा करा. हे विसरलं की सर्वांत मागास तालुकाच पुढारलेला दिसतो!

निर्देशांकाने क्रम कळतो, निधी नाही. त्यासाठी तूट भौतिक एककात काढा. समजा, सरासरी लाख लोकसंख्येमागे 120 किमी रस्ते, तालुक्यात 90, लोकसंख्या दीड लाख. तूट 30 × 1.5 = 45 किमी. तिला चालू दरसूचीने (कामांच्या सरकारी दरांच्या यादीने) गुणा; जुन्या दराने काढलेली रक्कम काम निघेपर्यंत अपुरी पडते.

खरी गफलत भाजकात होते. गडचिरोलीसारख्या विरळ वस्तीत दरडोई रस्ते भरपूर भासतात, म्हणून दर 100 चौरस किमीमागेही मोजा. आरोग्य केंद्रं मोजताना इमारती नव्हे, हजर डॉक्टर धरा. 2011 ची जनगणना वापरताना तालुक्याच्या हद्दी तेव्हाच्याच आहेत ना, हे गावांची यादी लावून तपासा.

शेवटी आकडे ग्रामसेवक आणि आशाताईंसमोर ठेवा. कागदावरचा नळ कोरडा असेल, तर त्या लगेच सांगतील.