बोटं दुखतायत? आधी गिटार मोजा

‘सुरुवातीला बोटं दुखणारच, घट्टे पडले की थांबेल.’ गिटार हातात घेतलेल्या प्रत्येकाला हे ऐकवलं जातं. मीही वर्षभर तेच मानून एफ कॉर्डशी झटत होतो. मग एकदा पट्टी लावून मोजलं, तर बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे तारांखालच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) जाडी तार पावणेचार मिलिमीटर उंच! चूक बोटांची नव्हतीच.

इथे सांगतोय ते स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारबद्दल. क्रम मात्र मोडू नका, कारण सगळ्यात शेवटी जे करायचं आहे ते परत उलटवता येत नाही.

मोजमाप. गिटार नीट सुरात लावा. बाराव्या फ्रेटवर फ्रेटच्या धातूच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. जाड सहाव्या तारेखाली साधारण २.४ मिमी आणि बारीक पहिल्या तारेखाली १.८ ते २ मिमी असेल, तर हाताला सोपं जातं. बारीक खुणांची पट्टी नसेल, तर एटीएम कार्डं वापरा. एक कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, म्हणजे उठावाची अक्षरं नसलेली तीन कार्डं सहाव्या तारेखाली जेमतेम सरकली की झालं. चौथंही आरामात सरकत असेल, तर पुढे वाचा.

तारा. बऱ्याच अकूस्टिक गिटारींवर ‘बाराचा’ सेट असतो, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच जाडीची. अकराचा किंवा दहाचा सेट लावला की ताण कमी होतो आणि तार दाबायला हलकी जाते. आवाज थोडा पातळ होतो, पण शिकताना हा सौदा वाईट नाही. हे आधीच करायचं, कारण तारांचा ताण बदलला की नेकचा, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याचा, बाकही बदलतो.

नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि सहावी तार नेक जिथे बॉडीला मिळतो तिथे, बहुधा चौदाव्या फ्रेटवर, दाबा. ताणलेली तारच आता सरळ पट्टीचं काम करते. सातव्या फ्रेटपाशी तिच्याखाली झेरॉक्सचे दोन-तीन कागद जातील एवढी फट हवी. फट जास्त असेल, तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, ॲलन कीने घड्याळाच्या दिशेने फिरवा. फटच नसेल, तर उलट. एका वेळी पाव आट्यापेक्षा जास्त नको. दर वेळी पुन्हा सुरात लावून फट बघा. रॉड अडला तर जोर लावू नका, तुटला तर दुरुस्ती महागात पडते. या रॉडने तारांची उंचीही थोडी हलते, पण त्याचं काम नेक सरळ ठेवण्याचं. तारा खाली आणायला तो पिळू नका.

नट. म्हणजे डोक्याकडची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी. या खाचा उथळ असल्या, तर पहिल्या तीन फ्रेटवरच हात भरून येतो आणि सी, एफसारख्या कॉर्ड किंचित चढ्या सुरात वाजतात. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा. पहिल्या फ्रेटवर केसभर फट राहिली तर उत्तम. स्पष्ट दिसण्याइतकी राहिली, तर कारागिराकडे जा. यासाठी तारेच्या जाडीच्या वेगळ्या कानशी लागतात, आणि खाच एकदा खोल गेली की तार कायमची खरखरते.

सॅडल. म्हणजे बॉडीवरच्या ब्रिजमध्ये बसवलेली, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. खरा फरक पडतो तो इथे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे जेवढं उतरवायचं त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावं लागतं. ३.२ चं २.४ करायचं, तर १.६ मिमी. तारा सैल करून ब्रिजच्या पिना काढा, सॅडल फडक्यात धरून पकडीने वर ओढा आणि खालच्या कडेवर पेन्सिलीने रेघ मारा. काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर सपाट ठेवून खालचीच बाजू घासा. वरच्या गोलाईला हात लावू नका. रेघेच्या आधीच थांबा, बसवून मोजा, मग उरलेलं काढा. तळ तिरका घासला गेला, तर सॅडल खाचेत नीट टेकत नाही आणि आवाज मरतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना थोडं घासतात, वाजवून ऐकतात, पुन्हा घासतात, तसंच इथेही. सॅडल ब्रिजच्या वर दोन-तीन मिमीच उरलं असेल आणि तारा तरीही उंच असतील, तर दोष नेकच्या कोनात आहे. ते काम घरी होत नाही.

आणि हे सगळं भर पावसाळ्यात करायला बसू नका. हवेतला ओलावा पिऊन लाकूड फुगतं, बॉडीची वरची फळी ब्रिजपाशी उचलली जाते आणि तारा आपोआप चढतात. जुलैत सॅडल घासलं, तर थंडीत लाकूड वाळून तारा खाली येतील आणि फ्रेटवर खरखरतील. घाईच असेल, तर जुन्या सॅडलला हात न लावता दुसरं विकत आणून तेच घासा.