संदर्भाची सुरुवात टाचणापासून

प्रबंधाचे संदर्भ शेवटच्या प्रकरणानंतर गोळा करायचे नसतात. ते पहिले टाचण काढतानाच नोंदवायचे असतात. तालुक्याच्या ग्रंथालयातून आणलेले पुस्तक परत गेले आणि पृष्ठांक टिपायचा राहिला, तर तेवढ्या एका आकड्यासाठी पुन्हा एसटी धरावी लागते, आणि तोवर ते पुस्तक दुसऱ्या कुणी नेलेले असते. हा फेरा मी स्वतः दोनदा घातला आहे. म्हणून पुस्तक हाती येताच शीर्षकपृष्ठाचा आणि त्यामागच्या, प्रकाशक, आवृत्ती व वर्ष छापलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो घ्यावा. जसेच्या तसे उतरवलेले वाक्य वहीतच अवतरणचिन्हांत टाकावे, कारण सहा महिन्यांनी त्यातले आपले कोणते आणि लेखकाचे कोणते, हे आपल्यालाच ओळखू येत नाही.

शब्द बदलले तरी विचार दुसऱ्याचाच राहतो, तेव्हा तिथेही संदर्भ हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, यावरून तेवढी उचल चालते असा अर्थ काढू नये.

आपल्याकडच्या विषयांत खरी अडचण पुस्तकांपलीकडच्या साधनांची असते. ग्रामगीतेच्या आवृत्त्यांचे पृष्ठांक जुळत नाहीत, म्हणून ‘अध्याय १०, ओवी २५’ असा निर्देश करावा. शासन निर्णयाचा विभाग, क्रमांक आणि दिनांक द्यावा. दारव्हा तालुक्यातील सालगड्याची मुलाखत घेतली असेल, तर गाव व तारीख नोंदवावी. नाव छापण्यास त्याची संमती नसल्यास ‘सालगडी, वय ५२’ एवढी ओळख पुरते, आणि लहान गाव असेल तर गावाचे नावही गाळावे.

१९०८ चे यवतमाळ जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर आपण उघडलेले नसून त्यातला उतारा दुसऱ्याच्या प्रबंधात वाचला असेल, तर त्या प्रबंधाचा उल्लेख ‘उद्धृत’ असे लिहून करावा. मूळ ग्रंथ पाहिल्याचा आव आणला की उताऱ्यातली चूकही आपल्या नावावर जमा होते. प्रत्यक्ष पाहिले असेल, तर शीर्षकात ‘Yeotmal’ छापले आहे ते तसेच ठेवावे, आजच्या नावाप्रमाणे सुधारू नये.

तळटिपांत ‘तत्रैव’ (म्हणजे लगेच आधीच्या टिपेतलेच पुस्तक) मात्र सर्व परिच्छेद पक्के झाल्यावरच लिहावे. मध्ये एक टीप नव्याने घुसली की ते भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवते.