तापमानाचा काटा लालजवळ, पण इंजिन जास्त तापलेलं नाहीच: माझा अनुभव

गाडी जुनी, १२ व्होल्टची, बायमेटल मीटरवाली (म्हणजे विजेने तापून वाकणारी दोन धातूंची पट्टी काटा हलवते). दहा मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्ट्याजवळ जायचा. वाफ नाही, कूलंट कमी होत नाही. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटच्या (कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर मोजलं तर ८४ अंश. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडणारा, म्हणजे इंजिन ठणठणीत.

तरी आधी थर्मोस्टॅट बदलला, मग सेन्सर, मग रेडिएटर साफ केला. तीन रविवार गेले, काटा तिथेच.

खूण समोरच होती: पेट्रोलचा काटाही टाकीत असेल त्यापेक्षा जास्त दाखवत होता. दोन्ही मीटर एकत्र चढले, की संशय व्होल्टेज स्टॅबिलायझरवर घ्यायचा. डॅशबोर्डमागची ही छोटी डबी वीज चालू-बंद करत मीटरना सरासरी १० व्होल्ट देते. तिचं अर्थिंग तुटलं की आतली कॉइल तापत नाही, संपर्क उघडत नाही आणि पूर्ण १२ व्होल्ट पुढे जातात.

इंजिन बंद ठेवून चावी फिरवली, मल्टीमीटर स्टॅबिलायझरच्या आउटपुटला लावला. आकडा खाली-वर उडायला हवा, माझा १२.४ वर स्थिर. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, डबी सोडवली, तिचं बूड आणि मागचा पत्रा चकाकेपर्यंत घासला. डबी होती त्याच दिशेने बसवली, कारण दिशा बदलली की रीडिंग चुकतं. बुडापासून बॉडीपर्यंत वेगळी अर्थ वायर टाकली, बॅटरी जोडली.

आकडा उडू लागला. काटा आता मधोमध थांबतो.