घायपाताचा वाख प्लास्टिकात घालताना

शिरोली एमआयडीसीत माझं एक इंजेक्शन मोल्डिंग मशीन, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबणारं मशीन आहे. एरवी बाटल्यांची झाकणं काढतो. बांधावरच्या घायपाताचा वाख, म्हणजे पानातले धागे, प्लास्टिकात घालायचं खूळ डोक्यात शिरलं आणि पहिली खेप ऐन जुलैत काढली. पट्ट्यांवर चंदेरी रेघा, मोडून बघितलं तर आत पावासारखी जाळी. हाताला कोरडा लागणारा वाख पावसाळी हवेतला ओलावा पिऊन बसलेला. साच्यात त्याची वाफ झाली.

तर आता असं करतो. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात सोडायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे, चष्मा हवाच. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको, सोडा ते खातो. वाख तीन तास बुडवला की मेणचटपणा जातो, अंग खरखरीत होतं, प्लास्टिकला धरायला जागा मिळते. भरपूर धुवा, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. उन्हात वाळवून ५ मिलिमीटरचे तुकडे करा आणि रात्रभर ८० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. सकाळी काढला की थेट एक्स्ट्रूडरवर, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकात वाख मळून दाणे काढणाऱ्या मशीनवर. मधे चहाला जायचं नाही.

एका किलोला वाख २५० ग्रॅम, पीपी (पॉलिप्रोपिलीन) ५५०, एचडीपीई (जाड पॉलिथिलीन) १७०. भंगारात ही दोन्ही मिसळूनच येतात, पण वितळली तरी एकजीव होत नाहीत आणि वाखाला तर दोन्ही धरत नाहीत. म्हणून ३० ग्रॅम मॅलिएटेड पीपी, म्हणजे वाखाला धरेल असं रसायन जोडलेलं पीपी. वाखाचा आणि पीपीचा हात तोच जुळवतो. तापमान १८५ अंशांच्या वर नेऊ नका. काहिलीत गूळ करपल्यासारखा वास आला म्हणजे वाख जळतोय. नायलॉन याच कारणाने बाद, ते वितळायलाच २२० अंश लागतात. तयार दाणे पुन्हा वाळवा, मगच साच्यात.

आता पारख. साध्या प्लास्टिकची आणि वाखाची, एकाच मापाच्या दोन पट्ट्या दोन विटांवर ठेवून मधोमध सारखंच वजन टांगा. वाखाची कमी वाकते, पण ताणली तर फार लांबत नाही, तुटते. बिजागरीसारखं वाकणारं झाकण यातून काढू नका. वाखाचीच आणखी एक पट्टी सोनाराच्या काट्यावर तोलून २४ तास पाण्यात ठेवा, पुसून परत तोला. वजन साध्या प्लास्टिकपेक्षा जास्त वाढणारच. फार वाढलं तर ती वस्तू मोरीत वापरायची नाही.

वाखाची पट्टी मोडून मोडलेल्या तोंडावर भिंग धरा. वाखाचे धागे स्वच्छ उपसून आलेत आणि मागे भोकं राहिलीत, तर पकड बसलेली नाही. धागे प्लास्टिकबरोबरच तुटलेत, तर पुढची खेप लावा.