शाळाभेटीतला एक तास: केंद्रप्रमुखांनी शिक्षकांना मदत कशी करावी

केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीच्या हाती पहिल्याच आठवड्यात शाळाभेटीचा नमुना पडतो. हजेरी, टाचण (पाठाची आधी लिहिलेली तयारी), पोषण आहाराच्या नोंदी, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी अशा रकान्यांची त्यात रांग असते आणि ती संपेपर्यंत मधल्या सुट्टीची घंटा झालेली असते. हे रकाने भरावेच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ते भरल्यामुळे तिसरीतल्या मुलाला वाचता येऊ लागत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून प्रत्येक भेटीतला निदान एक तास मुलांच्या वह्यांसाठी वेगळा काढावा आणि त्या तासात शिक्षकांची तपासणी न करता, शिक्षकांना सोबत घेऊन मुलाची एक चूक समजून घ्यावी.

आदल्या दिवशी फोन करून येणार असल्याचे सांगावे. अचानक भेटीने शिक्षक हजर आहेत की नाहीत एवढे कळते, ते कसे शिकवतात हे कळत नाही. वर्गात गेल्यावर शिक्षकांची खुर्ची घेऊ नये. मागे मुलांच्या बसकरपट्टीवर बसावे. पाठ चालू असताना मध्येच एखाद्या मुलाला उभे करून सतराचा पाढा म्हणायला लावण्याची जी जुनी रीत आहे, ती पूर्ण टाळावी. त्या धाकाने येणारा पाढाही मुलाला आठवेनासा होतो, आणि मुलांदेखत शिक्षकांचा पाणउतारा झाला की पुढचा तास ते मनमोकळे बोलत नाहीत.

पाठ संपल्यावर पाच-सहा वह्या मागून घ्याव्यात. त्या निवडण्याचे काम शिक्षकांवरच सोपवून, ज्या मुलांबाबत त्यांना अडचण वाटते त्यांच्याच वह्या मागाव्यात. हुशार मुलांच्या वह्या दाखवण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो, पण त्यातून हाती काही लागत नाही.

एक उदाहरण जरा तपशिलाने पाहू. दुसरीतल्या मुलीने ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिले आहे आणि वहीत त्यावर लाल फुली आहे. मराठीत संख्येचे नाव घेताना एकक आधी येतो आणि दशक नंतर, पण लिहिताना दशक आधी लिहावा लागतो. मुलीने जसे ऐकले तसे लिहिले, एवढेच. (बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा धर्तीची संख्यानामे दिल्यावरून २०१९ साली बराच गदारोळ झाला होता. पक्ष कोणताही घेतला, तरी अडचण खरी आहे हे मान्य करावेच लागते.) फुली पुसून टाकण्याची गरज नाही, पण त्या मुलीला जवळ बसवून, दहा-दहा काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे आणि काही सुट्ट्या काड्या पुढे ठेवून ‘पंचवीस काड्या दे’ असे सांगावे. तिने दोन गठ्ठे आणि पाच सुट्ट्या काड्या दिल्या, तर संख्या तिला समजली आहे, फक्त लिहिण्याचा क्रम चुकतो आहे. अशा मुलीकडून गठ्ठ्यांची बाजू आधी आणि सुट्ट्यांची बाजू नंतर लिहिण्याचा सराव आठवडाभर करून घेतला तर पुरे. तिने पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या उचलल्या, तर गठ्ठा म्हणजे दहा हेच अजून पक्के झालेले नाही. तिथे लिहिण्याचा सराव थांबवून काही दिवस नुसते गठ्ठे बांधणे आणि सोडणे करावे लागते. वहीत दोघींची चूक अगदी सारखी दिसते, उपाय मात्र वेगळे आहेत. एकोणतीस, एकोणचाळीस या संख्यांचा गोंधळ तिसराच असतो, कारण तिथे नावात पुढच्या दशकाचा उल्लेख येतो आणि मूल ३९ किंवा ४९ लिहून मोकळे होते.

हे सारे शिक्षकांनी स्वतः पाहणे महत्त्वाचे आहे. आपण उत्तर सांगू नये, काड्या त्यांच्याच हाती द्याव्यात. त्यांनी विनंती केली तर दहा मिनिटे आपण शिकवून दाखवावे, आणि ते फसले तर फसले असे सरळ म्हणावे.

वाचनाबाबतही हीच पद्धत लागू पडते. ‘वाचता येत नाही’ ही नोंद निरुपयोगी आहे. मूल अक्षरावर अडते, काना-मात्रेवर अडते, जोडाक्षरावर अडते की सगळे वाचूनही अर्थ सांगू शकत नाही, ते मुलाला शेजारी बसवून ऐकावे. सूर्य, चक्र, ट्रक आणि दऱ्या या चार शब्दांत ‘र’ चार रूपांत येतो, हे मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. ज्या वस्तीत घरी पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलली जाते, तिथे मूल अडते आहे ते अक्षरावर की अनोळखी मराठी शब्दावर, हे अंगणवाडी सेविकेला किंवा एखाद्या आईला सोबत घेऊन आधी ठरवावे.

दोनशिक्षकी शाळेतली अडचण निराळी आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, म्हणजे एका शिक्षकापुढे एकाच वेळी दोन किंवा तीन इयत्ता बसलेल्या असतात. तिथे पाठ कसा घेतला याची चर्चा करण्यापेक्षा, ज्या इयत्तेला त्या वेळी शिकवले जात नाही तिला काय काम द्यायचे, हे शिक्षकांसोबत ठरवावे. जोडीने वाचन, संख्याकार्डे, चित्रावर चार वाक्ये असे पंधरा दिवसांचे साहित्य एकदा तयार झाले की वर्ग बराच शांत होतो.

शिक्षकांचा वेळ वाचवणे हीसुद्धा मदतच आहे. याच कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपण्यास मनाई करते. तरी व्हॉट्सॲपवर ‘तात्काळ’ शब्दासह मागवली जाणारी माहिती काही थांबत नाही. जी माहिती युडायसमध्ये (शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीत) किंवा मागच्या महिन्याच्या तक्त्यात आधीच आहे, ती शाळांकडे पुन्हा न मागता आपणच तिथून घ्यावी. केंद्रातल्या शिक्षकांच्या दरमहा होणाऱ्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेतही, परिपत्रकांचे वाचन आटोपशीर ठेवून, प्रत्येक शिक्षकाला दोन वह्या आणायला सांगाव्यात आणि त्यांतल्या चुकांवर बोलावे.

शेवटी शेरा, म्हणजे भेटीनंतर शाळेच्या पुस्तकात लिहायचा अभिप्राय. माझ्या पहिल्या वर्षी एका शाळेच्या शेरेपुस्तकात मी ‘वाचनाकडे लक्ष द्यावे’ असे लिहिले आणि सही करताना मागची पाने चाळली, तेव्हा माझ्या आधीच्या तिघांनी हेच वाक्य लिहिलेले दिसले. तेव्हापासून शेरा तीनच ओळींचा लिहितो: कोणत्या मुलांची कोणती चूक पाहिली, शिक्षकांनी काय करायचे ठरवले, आणि मी काय आणून देणार. पुढची भेट पंधरा दिवसांच्या आत ठेवावी आणि त्या दिवशी तिसऱ्या ओळीतले साहित्य सोबत नेऊन, त्याच मुलीची वही सर्वांत आधी उघडावी.