शेकरूची दोन पानं: अंकासाठी प्राण्यावरचा स्प्रेड कसा करावा

दिवाळी अंक असो, कॉलेजचं वार्षिक असो की सोसायटीचा गणपतीतला अंक, प्राण्यावरच्या पानांची मांडणी बहुतेक वेळा ठरलेली असते. मधे फोटो, भोवती मजकूर, कोपऱ्यात माहितीची चौकट आणि तळाशी ‘निसर्ग वाचवा’. चुकीचं काहीच नसतं, पण वाचणारा थांबतही नाही. त्याला थांबवायचं असेल तर मांडणीला हात लावण्याआधी ही दोन पानं काय सांगणार ते एका वाक्यात लिहून काढा.

पुण्यातल्या अंकासाठी शेकरू, म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार, हा चांगला विषय आहे. ते महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे आणि आपल्याच जिल्ह्यात, भीमाशंकरच्या जंगलात राहतं. सांगण्यासारखं पुष्कळ आहे. शेकरू क्वचितच जमिनीवर उतरतं, बारीक फांद्यांवर काटक्या-पानांची एकाहून अधिक घरटी बांधतं, मागच्या पायांवर उलटं लटकून फळ खातं. हे सगळं एकदम सांगू नका. शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर बागेतली पट्ट्यांची खार असते, म्हणून आपलं वाक्य हे ठेवू: ‘शेकरू तुम्हाला वाटतं त्याहून बरंच मोठं असतं.’

आधी मापं

ए-फोर अंकाची समोरासमोरची दोन पानं, म्हणजे एक स्प्रेड, मिळून ४२० × २९७ मिलीमीटर होतात. कटिंगसाठी चारी बाजूंना ३ मिलीमीटर ब्लीड, म्हणजे कापला जाणारा जादा भाग, सोडा. एवढ्या जागेवर फोटो पसरायचा तर ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) साधारण ५०३० × ३५८० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली फाइल इथे चालत नाही, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून मागवा. ज्याने फोटो काढला त्याची लेखी परवानगी त्याच वेळी घ्या आणि त्याचं नाव पानावर छापा. नेटवरून उचललेला फोटो वापरू नका.

बाइंडिंग कसं आहे तेही प्रेसला विचारा. पिन मारलेल्या अंकात मधली दोन पानं एकाच कागदावर छापली जातात, तिथे फोटो बिनधास्त आरपार न्या. बाकी ठिकाणी डावं आणि उजवं पान वेगवेगळ्या कागदांवर छापलं जातं, त्यामुळे जोडावर रेषा थोडी सरकू शकते. चिकट बाइंडिंग असेल तर मधला काही भाग खाचेतच जातो. म्हणून डोळा, चेहरा आणि अक्षरं जोडापासून लांब ठेवा.

मांडणी: आधी पेन्सिलने

शेकरूचं डोकं आणि धड मिळून फूट-सव्वा फुटाचं, शेपूट बहुधा त्याहून लांब. आपल्या स्प्रेडची रुंदी ४२ सेंटिमीटर. म्हणजे शेकरू खऱ्या मापात छापता येतं! चेहरा डाव्या पानावर, जोड पाठीवरून, आणि शेपूट उजव्या कडेच्या बाहेर पळालेली. पानात न मावणारी ती शेपूटच आपलं वाक्य सांगते. कोपऱ्यात त्याच प्रमाणात एक खार काढली की वेगळी चौकट लागत नाही. मात्र मापाचा दावा करणार असाल तर फोटो पट्टीने मोजून बसवा, अंदाजाने नको.

मजकूर साडेतीनशे शब्दांच्या वर नेऊ नका. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार असतात, म्हणून बारा पॉइंटच्या अक्षराला ओळींमधलं अंतर सतरा-अठरा पॉइंट द्या. अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ करायला गेलात तर मराठीतल्या लांब शब्दांमुळे ओळीत भगदाडं पडतात. डावी कड सरळ ठेवा, उजवी मोकळी. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी किंवा रफार भलतीकडे जात असेल तर परिच्छेदाच्या मेनूतला वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा.

आता लोकांना दाखवा

खरं काम इथे सुरू होतं. मोबाइलच्या पडद्यावर दाखवू नका. ए-थ्री रंगीत प्रिंट काढा, मधे घडी घाला आणि अंकासारखी हातात द्या. ‘कसं झालंय?’ विचारलंत की ‘मस्त’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी पाच सेकंद पान उघडून दाखवा, मिटा, आणि विचारा: ‘काय पाहिलंत?’ समोरचा ‘खारीचा फोटो’ म्हणाला तर पान फसलं, मग तो कितीही छान असो. ‘बापरे, एवढं मोठं?’ म्हणाला तर तुमचं वाक्य पोचलं.

तीन प्रकारची माणसं गाठा. एक, ज्याला प्राण्यांत काही रस नाही. दुसरा, भीमाशंकरला जंगल फिरायला जाणारा. तो फोटोतली फांदी पाहूनही चूक काढेल. तिसरे, पेठेतले एखादे निवृत्त काका, जे फोटोकडे न बघता आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासतील. त्यांना पाच सेकंद नाही, अर्धा तास द्या. तिघांना एकत्र बसवू नका, मोठ्याने बोलणाऱ्याचं मत सगळ्यांचं होऊन बसतं.

तिथल्या तिथे बाजू मांडत बसू नका, लिहून घ्या. नंतर प्रत्येक सूचनेमागची अडचण शोधा. ‘शीर्षक मोठं करा’ याचा अर्थ बऱ्याचदा अक्षर झाडाच्या पानांच्या गर्दीत हरवतंय एवढाच असतो. मग आकार तोच ठेवून ते फोटोतल्या शांत जागी सरकवा. ‘अजून माहिती हवी होती’ असं ऐकलं तर काय हवं होतं ते विचारा, ‘खातं काय?’ असेल तर एका फोटोओळीत भागतं. तथ्याची आणि शुद्धलेखनाची चूक मात्र वाद न घालता दुरुस्त करा. रंग आवडला नाही, एवढंच एकाचं म्हणणं असेल तर सोडून द्या. तिघांनी म्हटलं तर बघा.

बदल केलेली प्रिंट नव्या माणसाला दाखवा, कारण जुन्याला उत्तर माहीत झालेलं असतं. फाइलला क्रमांक द्या, ‘फायनल-फायनल’ नको.

शेवटी पीडीएफ देताना, ज्या कागदावर अंक निघणार त्याच कागदावर एक प्रूफ (नमुना छपाई) मागा. पडद्यावर झळकणारा शेकरूचा तांबूस रंग छपाईत मळकट होतो, आणि गुळगुळीत आर्ट पेपरऐवजी साधा, बिनलेपाचा मॅपलिथो कागद असेल तर शाई शोषली जाऊन केसांतल्या सावल्या भरून येतात. प्रूफ दिवसाउजेडी बघा, गरज वाटली तर फोटो थोडा उजळ करून पुन्हा द्या, आणि मगच सही करा.