जमीन गोठली की वितळली, हे उपग्रहाच्या सूक्ष्मतरंग मोजणीवरून कसे ओळखावे

द्रव पाण्याचे रेणू सूक्ष्मतरंगांच्या विद्युतक्षेत्राबरोबर फिरू शकतात. पाणी गोठले की ते जखडले जातात. त्यामुळे पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचे माप) सुमारे ८० असतो, तर बर्फाचा जेमतेम ३ च्या आसपास. उपग्रह मातीचे तापमान थेट मोजत नाही, तो हा बदल टिपतो, आणि पुढची सगळी पद्धत यावरच उभी आहे.

उदाहरणादाखल अलास्काचा अंतर्भाग घेऊ. नासाचा ‘स्मॅप’ हा उपग्रह जानेवारी २०१५ मध्ये सोडला गेला. त्याचे रडार त्याच वर्षी जुलैमध्ये बंद पडले, तरी जमिनीतून आपोआप निघणारे सूक्ष्मतरंग मोजणारा १.४१ गिगाहर्ट्झचा रेडिओमापक काम करत राहिला. त्याने मोजलेली उभ्या आणि आडव्या ध्रुवीकरणाची (लहरींच्या कंपनदिशेची) तेजस्विता-तापमाने, म्हणजे त्या तरंगांची तापमानाच्या एककात मांडलेली तीव्रता, घ्यावीत आणि त्यांच्या वजाबाकीला बेरजेने भागावे. हे गुणोत्तर ओल्या, वितळलेल्या जमिनीवर मोठे असते आणि जमीन गोठली की घटते. सुरुवात उपग्रहाच्या सकाळी सहाच्या सुमाराच्या फेरीपासून करावी, कारण रात्रीचे गोठणे तिच्यात दिसते. संध्याकाळची फेरी वेगळी हाताळावी.

आता प्रत्येक चौकटीसाठी, म्हणजे नकाशाच्या प्रत्येक चौरसासाठी, या गुणोत्तराचे दोन संदर्भ ठरवावे लागतात: जानेवारी-फेब्रुवारीतील गोठलेल्या स्थितीचा आणि जुलै-ऑगस्टमधील वितळलेल्या स्थितीचा. आजच्या गुणोत्तरातून गोठलेला संदर्भ वजा करून उरलेल्या आकड्याला दोन संदर्भांमधील फरकाने भागावे. समजा, संदर्भ ०.०२ आणि ०.०६ आहेत आणि आजचे मूल्य ०.०३ आहे; तर उत्तर ०.२५ येते. ते ०.५ या उंबरठ्यापेक्षा कमी असल्याने जमीन गोठलेली मानावी.

उंबरठ्यापेक्षा संदर्भांची निवड कितीतरी महत्त्वाची आहे, असे मी आग्रहाने सांगेन. दोन्ही संदर्भ जवळजवळ सारखेच आले, तर भागाकारात गोंगाटच (मोजणीतले यादृच्छिक चढउतार) मोठा होतो आणि नकाशा दिसायला नीटनेटका पण निरर्थक ठरतो. अशा चौकटी सरळ वगळाव्यात. कोरडी वाळवंटी माती तर गोठलेल्या मातीसारखीच दिसते, कारण दोन्हींत द्रव पाणी अत्यल्प असते. म्हणून उन्हाळ्यात ‘गोठलेली’ असे उत्तर आले, तर हवेच्या तापमानाशी ताडून ते खोडावे. सरोवरे आणि मोठ्या नद्यांच्या चौकटीही आधीच झाकाव्यात.

वसंत ऋतूत विशेष सावध राहावे. कोरडा हिम या लहरींना बऱ्याच अंशी पारदर्शक असतो, पण ओला हिम नसतो. त्यामुळे वरचा हिम वितळू लागताच खालची माती अजून गोठलेली असतानाही उपग्रह ‘वितळले’ असे सांगू शकतो.

पडताळणीसाठी सुमारे ५ सेंटीमीटर खोलीवरचे मातीचे तापमान वापरता येते. मात्र गोठताना सुटणाऱ्या सुप्त उष्णतेमुळे ते कित्येक दिवस शून्यापाशीच अडकून राहते, आणि ३६ किलोमीटरच्या चौकटीत एकच मापक सगळ्या उतारांचे प्रतिनिधित्व करत नाही. म्हणून एका दिवसाच्या विसंगतीवरून पद्धत चुकली असे ठरवू नये. शक्य असल्यास एका चौकटीतील अनेक ठिकाणच्या नोंदी घ्याव्यात आणि संक्रमणाचे दिवस वेगळे काढून तपासावेत.